कोरल हेल्थ चार्ट: प्रवाळाचा रंग मोजणारं कार्ड किती खरं सांगतं?

हातात मावेल एवढं चौकोनी, पाण्यात खराब न होणारं प्लास्टिकचं कार्ड. चारही कडांना रंगांचे छोटे चौकोन. बी, सी, डी आणि ई अशा चार छटा, आणि प्रत्येक छटेच्या १ ते ६ अशा सहा पायऱ्या. १ म्हणजे जवळजवळ पांढरा, ६ म्हणजे सर्वांत गडद. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात २००२ मध्ये सुरू झालेल्या ‘कोरलवॉच’ प्रकल्पाचं हे कार्ड. प्रवाळ पांढरा पडतोय का, म्हणजे त्याचं विरंजन सुरू झालंय का, हे कुठलंही यंत्र न वापरता नोंदवता यावं यासाठी ते बनवलं आहे.

घ्यावं का? नक्की घ्यावं. मालवणला स्नॉर्केलिंगच्या फेऱ्या नेणाऱ्यांनी, ग्रँड आयलंडवर उतरणाऱ्या गोव्याच्या डाइव्हरांनी, लक्षद्वीपला जाणाऱ्या हौशी पर्यटकांनी आणि सागरी जीवशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने घ्यावं. प्रयोगशाळेतलं जे उपकरण याच्या जवळपासचं काम करतं त्याची किंमत लाखांत जाते, आणि ते पाण्याखाली चालवायला शिकलेला माणूस लागतो. हे कार्ड दहा मिनिटांत शिकता येतं. मात्र ते नेमकं काय मोजतं आणि काय मोजू शकत नाही, हे समजून न घेता वापरलं तर चुकीचा दिलासा देतं. सर्वांत जास्त चुका तिथेच होतात, म्हणून त्यावर इथे जास्त लिहिलं आहे.

आधी वापर. प्रवाळाची एक वसाहत निवडायची. तिच्यावरचा सर्वांत फिका भाग शोधायचा. कार्ड त्या भागाच्या शेजारी, प्रवाळाला न टेकवता धरायचं आणि जुळणारा रंग सापडेपर्यंत फिरवत राहायचं. जुळला की अक्षर आणि आकडा पाण्याखालच्या पाटीवर लिहायचा, उदाहरणार्थ ‘डी ३’. मग त्याच वसाहतीचा सर्वांत गडद भाग घ्यायचा आणि तसंच करायचं. त्यापुढे प्रवाळाचा प्रकार लिहायचा: फांद्यांचा, गोट्यासारखा, ताटलीसारखा की मऊ. अशा किमान २० वसाहती. सोबत तारीख, वेळ, जागा, खोली आणि पाण्याचं तापमान. किनाऱ्यावर आल्यावर नोंदी कोरलवॉचच्या संकेतस्थळावर किंवा अॅपवर भरायच्या. तिथे सरासरी आपोआप निघते आणि माहिती सर्वांना खुली राहते.

कार्डाची खरी हुशारी म्हणजे रंग पाण्यातच जुळवायचा असतो. पाणी लाल प्रकाश आधी शोषून घेतं. चार-पाच मीटरवरच तपकिरी रंग हिरवट-राखाडी दिसू लागतो. पण कार्ड आणि प्रवाळ एकाच पाण्यात, एकाच उजेडात असले की हा बदल दोघांवर सारखाच होतो आणि तुलना टिकते. म्हणून रंग आठवणीत ठेवून बोटीवर येऊन जुळवायचा नाही, आणि नुसत्या फोटोवरून घरी बसून आकडा ठरवायचा नाही. फोटो काढायचा असेल तर कार्ड प्रवाळाशेजारी चौकटीत येईल असा काढावा, म्हणजे नंतर कुणाला नोंद तपासता येते. कार्डाची फाइल घरच्या प्रिंटरवर छापून लॅमिनेट करायचा मोह टाळावा. घरच्या शाईतला ‘डी ४’ आणि मूळ कार्डावरचा ‘डी ४’ एकच असेल याची काही खात्री नाही, आणि सगळी पद्धत त्या एका रंगावरच उभी आहे.

आणखी काही बारीकसारीक गोष्टी. स्वतःची सावली प्रवाळावर पडली आणि कार्ड उन्हात राहिलं तर वाचन चुकतं. दोन्ही एकाच उजेडात हवेत. खोलवर किंवा ढगाळ दिवशी टॉर्च वापरावा, तोही दोन्हींवर सारखा पडेल असा. कार्ड दोरीने मनगटाला बांधावं. वापरून झाल्यावर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावं. बोटीच्या टपावर उन्हात पडून राहिलेल्या रंगीत प्लास्टिकचा रंग उतरतो, आणि कार्डच विटलं तर प्रत्येक प्रवाळ निरोगी वाटायला लागतो. दोन कार्डं घ्यावीत. एक कपाटात अंधारात ठेवावं आणि दर मोसमाच्या सुरुवातीला वापरातलं कार्ड त्याच्याशी ताडून पाहावं.

फांद्यांच्या प्रवाळाची टोकं मोजायची नाहीत. ती वाढीची टोकं असतात. प्रवाळाच्या आत राहून त्याला रंग देणारं सूक्ष्म शैवाल तिथे अजून पुरतं पोचलेलं नसतं, म्हणून ती निरोगी असतानाही पांढरी असतात. नवख्या माणसाच्या पहिल्या नोंदीत निम्मी ‘विरंजित’ प्रवाळं निघतात ती बहुतेक यामुळेच.

आता आकड्याचा अर्थ. प्रवाळाचा तपकिरी रंग हा बराचसा प्रवाळाचा नसतोच. पॉलिपच्या, म्हणजे वसाहतीतल्या एकेका छोट्या प्रवाळजीवाच्या, शरीराला पेशींचे दोन थर असतात. त्यातल्या आतल्या थरात, पेशीच्या आत, पातळ पडद्याच्या पिशवीत एकेक शैवालपेशी बसलेली असते. पेशीचा व्यास सुमारे ८ ते १० मायक्रॉन. नखाएवढ्या जागेत, म्हणजे साधारण एका चौरस सेंटिमीटरमध्ये, अशा दहा लाखांपासून काही दहा लाखांपर्यंत पेशी असतात. त्यांच्यातलं क्लोरोफिल आणि पेरिडिनिन ही रंगद्रव्यं मिळून तो तपकिरी रंग होतो. कार्डावरची पायरी म्हणजे या दोन गोष्टींचा एकत्रित अंदाज: शैवालपेशी किती आहेत आणि प्रत्येकीत रंगद्रव्य किती आहे. कार्ड बनवताना प्रवाळाचे नमुने घेऊन पेशी आणि क्लोरोफिल मोजून ही सांगड घातली गेली. त्यातून निघालेला नियम असा की एकाच वसाहतीत २ किंवा जास्त पायऱ्यांचा फरक पडला तर तो खरा बदल समजावा. एका पायरीचा फरक दोन माणसांच्या डोळ्यांतही पडतो.

म्हणजे एकट्या वाचनाला फार अर्थ नाही. ‘डी ३’ हा आकडा एखाद्या जातीसाठी नेहमीचा असेल आणि दुसरीसाठी धोक्याचा. त्याच वसाहतीचं जानेवारीत ५ आणि मे महिन्यात ३ असं वाचन आलं, तर ती बातमी आहे. कोरलवॉचच्या पत्रकात यादृच्छिक वसाहती घेण्याची सोय आहे आणि शाळेच्या सहलीसाठी ती ठीक आहे. पण ज्यांना वर्षभर त्याच जागी जाता येतं, त्यांनी ठरावीक वसाहतींना क्रमांक देऊन त्याच पुन्हा मोजाव्यात. प्रवाळाला खिळा, तार, टॅग काहीही लावायचं नाही. शेजारच्या मोकळ्या खडकाची खूण, जीपीएस आणि एक फोटो पुरतो. आपल्याकडे कठीण सांगाड्याचे सगळे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मोडलेला तुकडा ‘नमुना’ म्हणून उचलणं हासुद्धा गुन्हा आहे.

कार्ड कुठे मागे पडतं, ते आता.

प्रवाळ आणि शैवाल यांचं सहजीवन हा अखंड चालणारा रासायनिक व्यवहार आहे. शैवाल पॉलिपच्या तोंडावाटे आत येतं तेव्हाच ओळख पटवावी लागते. शैवालाच्या अंगावरच्या शर्करेच्या साखळ्या प्रवाळाच्या पेशीवरची लेक्टिन नावाची प्रथिनं चाचपून पाहतात. जुळलं तर त्या पेशीला पचवलं जात नाही, पडद्याच्या पिशवीत ठेवून घेतलं जातं. पुढे यजमान, म्हणजे प्रवाळ, त्या पिशवीत प्रोटॉन (आम्लता वाढवणारे कण) ढकलत राहतो, इतके की आतलं पाणी सुमारे ४ पीएचपर्यंत आम्ल होतं. आम्लात बायकार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि शैवालाला प्रकाशसंश्लेषणासाठी तो मुबलक मिळतो. बदल्यात शैवाल ग्लुकोज आणि इतर कार्बनी पदार्थ बाहेर सोडतं. चांगल्या उजेडात प्रवाळाच्या ऊर्जेची ९० टक्क्यांपर्यंत गरज त्यातून भागू शकते.

या व्यवहारात एक लगाम असतो आणि तो नायट्रोजनचा. यजमानाच्या पेशीत तयार होणारा अमोनियम, म्हणजे नायट्रोजनचं एक रूप, शैवालापर्यंत पोचू दिला तर शैवाल वाढत सुटेल. म्हणून यजमान शैवालाकडूनच मिळालेल्या ग्लुकोजच्या कार्बन सांगाड्यावर तो अमोनियम बांधून त्याची अमिनो आम्लं बनवतो. शैवाल नायट्रोजनसाठी उपाशी राहतं. वाढता येत नाही, म्हणून तयार केलेली साखर त्याला साठवता किंवा वापरता येत नाही आणि ती यजमानाकडे जात राहते. साखर येते म्हणून नायट्रोजन बांधला जातो, आणि नायट्रोजन बांधला जातो म्हणून साखर येते.

पाणी तापलं की हे चक्र उलटं फिरायला लागतं. उष्णतेत प्रवाळाचा स्वतःचा ऊर्जाखर्च वाढतो. मिळणारी साखर पुरत नाही, म्हणून तो अमिनो आम्लं जाळायला लागतो. अमिनो आम्ल जळलं की अमोनियम सुटतो. तो बांधायला पुरेसा कार्बन हाताशी नसतो आणि अमोनियम शैवालाच्या हाती लागतो. शैवाल वाढायला लागतं, साखर स्वतःच्या वाढीला वापरतं आणि यजमानाला आणखी कमी देतं. तांबड्या समुद्रातल्या स्टायलोफोरा पिस्टिलाटा या प्रवाळावर हे दाखवलं गेलं आणि २०२१ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झालं. त्यातली कार्ड वापरणाऱ्याने पाठ करून ठेवावी अशी गोष्ट म्हणजे हा बिघाड रंग उतरण्याच्या आधी होतो. शैवाल अजून जागेवर असतं, वाढतही असतं. प्रवाळ गडदच दिसतो, पण आतून उपाशी असतो.

म्हणून एप्रिलच्या शेवटी पाणी तापलेलं असताना ‘सगळ्या वसाहती ४ आणि ५’ अशी नोंद आली तर ती ‘सर्व ठीक’ अशी वाचू नये. कार्डाच्या बाबतीत होणारं हे सर्वांत महागडं चुकीचं वाचन आहे.

दुसरा धागा जास्त परिचित आहे. उष्णता आणि कडक ऊन एकत्र आलं की शैवालाच्या प्रकाशसंश्लेषणाची साखळी तुंबते. कार्बन पक्का करणारं रुबिस्को विकर (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) मागे पडतं, उजेड पकडणाऱ्या प्रकाशयंत्रणा क्रमांक २ मधल्या डी१ प्रथिनाची दुरुस्ती नुकसानीच्या वेगाला पुरी पडत नाही, आणि उरलेली ऊर्जा ऑक्सिजनवर जाऊन त्याची आक्रमक रूपं तयार होतात. त्यातलं सुपरऑक्साइड पडद्याआड अडकतं, पण हायड्रोजन पेरॉक्साइड विद्युतभाररहित असल्यामुळे पडदे ओलांडून यजमानाच्या पेशीत शिरतं. दोन्हीकडे सुपरऑक्साइड डिस्म्युटेज आणि कॅटॅलेज ही विकरं ते निवळायचा प्रयत्न करतात. शैवाल आणि प्रवाळ दोघांतही आढळणारं डीएमएसपी हे गंधकयुक्त संयुग आणि त्यापासून होणारे पदार्थसुद्धा या रूपांना टिपून घेतात. हे सगळं अपुरं पडलं की यजमानाच्या पेशीत प्रतिकारशक्तीचे इशारे सुरू होतात. नायट्रिक ऑक्साइड वाढतं, ते सुपरऑक्साइडशी मिळून पेरॉक्सिनायट्राइट होतं, कॅस्पेज विकरं जागी होतात आणि पेशी स्वतःला संपवते. ज्या पेशीने शैवाल ओळख पटवून ठेवून घेतलं होतं, तीच आता त्याला आगंतुक समजून बाहेर टाकते, आतच पचवते किंवा शैवालासकट स्वतः गळून पडते.

हा दुसरा धागा एकटा पुरेसा नाही, हेही नोंदवायला हवं. पूर्ण अंधारात नुसत्या उष्णतेनेही विरंजन होतं असं प्रयोगांत दिसलं आहे, म्हणजे प्रकाशसंश्लेषणातून आलेला पेरॉक्साइड हे एकमेव कारण असू शकत नाही. साखर-नायट्रोजनचा बिघाड लवकर सुरू होतो आणि ऑक्सिजनचा मारा त्यात भर घालतो, असा या दोन धाग्यांचा मेळ घालणं आम्हाला जास्त पटतं.

या सगळ्या घडामोडीत कार्डाला दिसतो तो फक्त शेवटचा टप्पा. विरंजनात साधारण ६० ते ९० टक्के शैवाल जातं आणि उरलेल्या पेशींमधलं रंगद्रव्यही निम्म्याहून कमी होऊ शकतं. तेव्हा आकडा २ आणि मग १ वर येतो. त्याच्या आधीचा टप्पा पकडायचा असेल तर क्लोरोफिलची चमक मोजणारा फ्लुओरोमीटर लागतो. जर्मनीच्या वॉल्झ कंपनीचा डायव्हिंग-पॅम हा पाण्याखाली चालणारा त्यातला सर्वांत रुळलेला. अंधाराला सरावलेल्या निरोगी प्रवाळात तो साधारण ०.६ ते ०.७ असा आकडा देतो, आणि तो घसरायला लागला की रंग बदलण्याआधीच प्रकाशयंत्रणा बिघडल्याचं कळतं. पण तोही शैवालाचीच तब्येत सांगतो. यजमान अमिनो आम्लं जाळतोय का, हे त्यालाही कळत नाही. त्यामुळे कार्ड मागास आहे असं म्हणून बाजूला ठेवण्यात अर्थ नाही. फक्त ते उशिरा बोलतं हे लक्षात ठेवून त्याच्या जोडीला लवकर बोलणारं काहीतरी घ्यावं.

ती जोडी फुकट मिळते. अमेरिकेच्या नोआ या समुद्र आणि हवामान संस्थेची ‘कोरल रीफ वॉच’ ही उपग्रहांवर आधारलेली सेवा रोज ५ किलोमीटरच्या चौकोनांत समुद्रपृष्ठाचं तापमान देते. प्रत्येक चौकोनासाठी वर्षातल्या सर्वांत उष्ण महिन्याचं दीर्घकालीन सरासरी तापमान ठरवलेलं असतं. त्याच्या वर पाणी किती अंश गेलं, तो ‘हॉटस्पॉट’. हा फरक १ अंश किंवा जास्त असेल तरच तो मोजला जातो आणि मागच्या १२ आठवड्यांची बेरीज केली जाते. हीच ‘डिग्री हीटिंग वीक्स’. उदाहरण घ्या: ती दीर्घकालीन सरासरी २९.५ अंश आहे आणि पाणी दोन आठवडे ३१ वर राहिलं, तर १.५ गुणिले २, म्हणजे ३. त्यापुढचे दोन आठवडे ते ३०.३ वर आलं तर फरक फक्त ०.८ आहे, म्हणून बेरजेत काही पडत नाही. ती ३ वरच राहते. बेरीज ४ झाली की लक्षणीय विरंजनाची शक्यता धरतात, ८ झाली की तीव्र विरंजन आणि मृत्यूची. पूर्वी पातळ्या इथेच संपत. २०२३ मधल्या उष्णतेला त्या अपुऱ्या पडल्या, आणि त्या वर्षाच्या अखेरीस १२, १६ आणि २० या बेरजांसाठी तीन नव्या पातळ्या जोडाव्या लागल्या. एप्रिल २०२४ मध्ये चौथं जागतिक विरंजन जाहीर झालं. आधीची तीन १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळातली. लक्षद्वीपने हे चारही मार खाल्ले आहेत.

भारतासाठी हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्र-माहिती केंद्राचीही विरंजन-सूचना सेवा आहे. तिचा भर कच्छ, मन्नार, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबारवर आहे, म्हणून कोकणासाठी नोआच्या नकाशावर आपला चौकोन शोधणंच सोयीचं. किनाऱ्याला अगदी लागून असलेल्या जागेसाठी मात्र तो आकडा जसाच्या तसा घेऊ नये. उपग्रहाला पृष्ठभागाचं तापमान कळतं आणि तेही ५ किलोमीटरचं एकत्र. खाडीच्या मुखाशी दोन मीटर पाण्यात ओहोटीच्या दुपारी काय होतं ते त्यात दिसत नाही. तापमान नोंदणारा छोटा लॉगर एक-दोन जागी खडकाच्या कपारीत ठेवता आला तर ही उणीव भरून निघते. त्यासाठी वनखात्याच्या कांदळवन कक्षाशी आधी बोलावं.

मालवणच्या पाण्यात कार्ड कसं चालतं? काळजी घेतली तर चालतं. इथलं पाणी लक्षद्वीपसारखं नितळ नाही, गाळ असतो. प्रवाळही ग्रेट बॅरिअर रीफवरच्या फांद्यांच्या बागांसारखे नाहीत. जास्त करून गोटे आणि कवचासारखे पसरलेले: पोराइटिस, टर्बिनेरिया, गोनिॲस्ट्रिया, सिडरॅस्ट्रिया. पोराइटिसचा गोटा हातभर अंतरावरून सपाट पिवळट-तपकिरी दिसतो. दहा सेंटिमीटरवर गेलं की त्यावर मिलिमीटरभर रुंदीचे खळगे एकमेकांना चिकटून बसलेले दिसतात, मधाच्या पोळ्यासारखे, आणि प्रत्येक खळग्यात एक पॉलिप. खळग्यांच्या कडांवर राखाडी गाळाचा पातळ थर असतो. हाच थर लांबून रंग फिका करतो. बोट लावायचं नाही. हाताचा पंजा अर्ध्या फुटावरून हलकेच हलवला की पाण्याच्या झुळुकीने गाळ उडतो. तो खाली बसून पाणी निवळेपर्यंत थांबायचं आणि मग कार्ड धरायचं. गाळासकट घेतलेलं वाचन विरंजन म्हणून नोंदलं जातं, आणि ते परत दुरुस्त करायला कुणी पाण्यात उतरत नाही.

पांढरा दिसला म्हणजे विरंजनच, असंही नाही. जवळून पाहावं. विरंजित प्रवाळाचे पॉलिप जिवंत असतात. काचेसारखी पारदर्शक ऊती सांगाड्यावर ताणलेली दिसते आणि खळग्यांच्या कडा मऊसर वाटतात. गोगलगाय किंवा काटेरी मुकुटासारख्या तारामाशाने खाल्लेल्या जागी ऊतीच नसते. सांगाडा कोरडा, धारदार दिसतो आणि कडेला जिवंत भागाची स्पष्ट रेघ असते. मेल्याला काही दिवस झाले असतील तर त्यावर हिरवट-करडी बुरशीसारखी शेवाळाची साय येते, आणि ती घाईत पाहणाऱ्याला ‘२’ वाटू शकते. या दोन्ही जागा कार्डाने मोजायच्या नाहीत, शेऱ्यात लिहायच्या.

कार्डावर नसलेले रंगही आहेत. काही प्रवाळ विरंजनाच्या वेळी पांढरे होण्याऐवजी झगझगीत जांभळे, निळे किंवा गुलाबी होतात. शैवाल निघून गेल्यावर पांढऱ्या सांगाड्यावरून परावर्तित झालेला जादा निळा प्रकाश यजमानाच्या ऊतीत फिरतो, आणि त्याला उत्तर म्हणून प्रवाळ स्वतःची रंगीत प्रथिनं भराभर बनवतो. ती छत्रीसारखी काम करतात आणि शैवालाला परत येणं सोपं करतात, असं दिसतं. फोटोत ही दृश्यं सुंदर येतात आणि ‘बघा, किती निरोगी’ म्हणून फिरतात. कार्डाच्या चार तपकिरी-पिवळट छटांमध्ये ही माणिकं-नीलम बसवायचा प्रयत्न करू नये. ‘रंगीत विरंजनाची शक्यता’ असं लिहून फोटो जोडावा.

सांडपाण्याच्या किंवा खाडीच्या मुखाजवळच्या प्रवाळांबद्दल वेगळी सूचना. वाहून आलेला नायट्रोजन शैवालाला थेट मिळतो, लगाम आयताच सुटतो, शैवाल दाट होतं आणि कार्डावर ५-६ येतात. तिथले प्रवाळ सर्वांत निरोगी आहेत असा निष्कर्ष त्यावरून काढला जातो. खरं म्हणजे नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेट अपुरं अशा पाण्यातले प्रवाळ उष्णतेला आणि उजेडाला लवकर बळी पडतात. गडद रंग तिथे इशारा असू शकतो. म्हणून जागांची आपसात तुलना करू नये, एका जागेची तिच्याच जुन्या नोंदींशी करावी.

कार्डाला शैवालाची जातही कळत नाही. क्लॅडोकोपियम आणि ड्युरुस्डिनियम या दोन गटांची शैवालं प्रवाळात सारखीच तपकिरी दिसतात. पण दुसरं ठेवणारा प्रवाळ साधारण १ ते १.५ अंश जास्त उष्णता सोसतो, असं ऑस्ट्रेलियात ॲक्रोपोरा या प्रवाळावर दिसलं आहे. त्याची किंमतही असते, कारण त्या प्रवाळांची वाढ सहसा मंदावते. विरंजनातून सावरलेली वसाहत परत ‘४’ वर आली, म्हणजे तीच जुनी जोडी परत जमली असं समजू नये.

सरासरीबद्दल थोडं. अॅपवर दिसणारी जागेची सरासरी लोक समाजमाध्यमांवर टाकतात आणि तीच पाहून निर्धास्त होतात. समजा २० वसाहती आहेत. १५ मध्ये काहीच बदल नाही आणि ५ मधली वाचनं ३ पायऱ्यांनी घसरली. सरासरी फक्त ०.७५ ने खाली येते, म्हणजे कार्डाच्याच नियमाने ‘बदल नाही’. प्रत्यक्षात एक चतुर्थांश वसाहती उपासमारीत आहेत. सरासरीसोबत ‘२ किंवा जास्त पायऱ्या घसरलेल्या वसाहती किती’ हा आकडा दरवेळी द्यावा. प्रकारानुसारही वेगळा करावा, कारण फांद्यांचे प्रवाळ सहसा आधी जातात आणि गोटे उशिरा. कार्डाच्या पत्रकात ही जागा ठळक असायला हवी होती, आणि या उत्पादनाबद्दल आमची सर्वांत मोठी तक्रार हीच आहे.

वर्षाचं वेळापत्रक असं ठेवता येतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी निवळ असतं. तेव्हा २० ते ३० वसाहती ठरवून दोन वेळा मोजाव्यात, हा आधार. थंडीत शैवाल दाट आणि उन्हाळ्याअखेर विरळ असणं नैसर्गिक आहे, म्हणून एकाच महिन्याचा आधार धरू नये. मार्चपासून आठवड्याला एकदा नोआचा आकडा वहीत उतरवावा. हॉटस्पॉट १ अंशाला लागला की, रंग कसाही दिसो, त्या जागेवरचा ताण कमी करायला सुरुवात करावी: बोटीचे नांगर प्रवाळापासून दूर, गट लहान, फिनने गाळ उडणार नाही असं पोहणं, नवशिक्यांना वाळूच्या पट्ट्यावर. उपाशी प्रवाळाला अंगावरचा गाळ झटकायलासुद्धा चिकटा तयार करावा लागतो, आणि त्याला लागणारा कार्बन त्याच्याकडे त्या वेळी नसतो. बेरीज २ च्या पुढे गेली की कार्ड घेऊन दर आठवड्याला, ४ च्या पुढे गेली तर जमेल तितक्या वेळा. पावसाळ्यात पाण्यात उतरणं बंद असतं. मग ऑक्टोबरमध्ये हंगाम उघडताच पहिल्याच फेरीत त्याच वसाहती मोजाव्यात. कोण सावरलं आणि कोण गेलं ते तेव्हाच कळतं. या फेरीत १ किंवा २ वाचन आलं तर ते उन्हाळ्याचं की पावसात आलेल्या गोड्या पाण्याचं आणि गाळाचं, हे रंगावरून वेगळं करता येत नाही. त्यासाठी मे महिन्याअखेरची नोंद हवीच, भले त्या आठवड्यात समुद्र खवळलेला असो आणि एकाच दिवसाची संधी मिळो. त्या दिवशी सगळ्या ३० वसाहती जमल्या नाहीत तर उथळ पाण्यातल्या दहा आधी घ्याव्यात.